टर्बो सेडानची ताकद दुप्पट करायला खर्च किती येतो? ऑक्टाव्हिया आरएसचा रुपयांतला हिशेब

रील्समध्ये ते फार सोपं दिसतं. रात्रीचा मोकळा रस्ता, साधी दिसणारी सेडान, एक्झॉस्टमधून फटफट आवाज आणि खाली कॅप्शन: 'स्टेज टू, ३०० प्लस हॉर्सपॉवर'. कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, खर्च किती आला?" उत्तरही ठरलेलं, "डीएम केलंय."

डीएममध्ये जो आकडा येतो तो बहुतेकदा फक्त ट्यूनचा असतो. त्यानंतरच्या क्लच, ब्रेक, टायर, पेट्रोल, इन्शुरन्स आणि आरटीओच्या खर्चाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. टर्बो गाडीची ताकद वाढवण्याचा खरा हिशेब काय असतो, हे भारतात या छंदासाठी सगळ्यात जास्त ओळखल्या जाणाऱ्या एका गाडीवरून समजून घेता येतं. ती गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस.

## ऑक्टाव्हिया आरएसच का?

भारतात जोरदार सेडान बऱ्याच आहेत, पण बहुतेक जर्मन लक्झरी ब्रँडच्या आणि त्या किमतीच्या. ऑक्टाव्हिया आरएस त्यांच्यापेक्षा बरीच स्वस्त होती. २०१७ मध्ये आलेल्या आरएस २३० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती २४.६२ लाख रुपये. २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ६ गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स.

२०२० मध्ये आरएस २४५ आली. २४५ पीएस, किंमत ३५.९९ लाख आणि गाड्या फक्त २००. त्यानंतर थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसची नवी आरएस आली, तीही आयात केलेली, फक्त १०० गाड्या, किंमत ४९.९९ लाख.

महाराष्ट्राशी या नावाचं नातं जुनं आहे. स्कोडाने २००१ मध्ये भारतात पाऊल ठेवलं ते ऑक्टाव्हियासोबत, आणि या गाडीची जोडणी तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या कारखान्यात व्हायची.

ट्यूनिंगवाल्यांना ही गाडी आवडण्याचं खरं कारण मात्र बॉनेटखाली आहे. ईए८८८ या नावाने ओळखलं जाणारं हे १९८४ सीसीचं इंजिन फोक्सवॅगन समूहाने गोल्फ जीटीआय, गोल्फ आर, ऑडी एस३ अशा कितीतरी गाड्यांत वापरलं. त्यामुळे जगभर त्याचे पार्ट मिळतात, ट्यून तयार असतात आणि कुठली गोष्ट किती ताकदीला तुटते याचा अनुभवही गाठीशी आहे.

## टर्बो गाडीची ताकद इतकी सहज का वाढते?

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जाळता येतं आणि तितकी ताकद मिळते. साध्या इंजिनात हवा बाहेरच्या दाबानेच आत शिरते. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १ बार असतो.

टर्बोचार्जर हवा दाबून आत ढकलतो. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून दाबतं. लहान टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. टर्बोने १ बार दाब दिला, तर वातावरणाचा १ आणि टर्बोचा १ मिळून इंजिनात २ बारने हवा जाते. हाच दाब १.५ बार केला तर एकूण २.५ बार. म्हणजे एकही पार्ट न बदलता सुमारे पाव हिस्सा जास्त हवा.

हा दाब किती ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. कंपनी तो मुद्दाम हात राखून ठरवते, कारण तीच गाडी राजस्थानच्या उन्हाळ्यातही चालली पाहिजे, कमी प्रतीच्या पेट्रोलवरही चालली पाहिजे, मालकाने सर्व्हिसिंग दोन महिने पुढे ढकललं तरी टिकली पाहिजे आणि वॉरंटीत परत येता कामा नये.

ट्यूनर विकतो ती हीच राखून ठेवलेली जागा. ती फुकट नसते. कंपनीने सुरक्षिततेसाठी ठेवलेली शिल्लक तुम्ही खर्च करत असता.

टर्बो नसलेल्या गाडीत हा मार्ग जवळपास बंद असतो. तिथे ईसीयू कितीही बदलला तरी हवा आत येणार ती बाहेरच्या दाबानेच. म्हणून साध्या पेट्रोल इंजिनाच्या रिमॅपमधून मोठा फरक पडत नाही.

## शून्यावी पायरी: आधी गाडी ट्यून करण्याच्या लायकीची आहे का?

आज बाजारात मिळणारी आरएस २३० आठेक वर्षं जुनी आहे. अशा गाडीवर थेट ट्यून टाकणं म्हणजे ब्लड प्रेशर न तपासता मॅरेथॉनला उतरणं.

आधी तपासायच्या गोष्टी: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, टर्बोत किंवा पाइपात हवेची गळती, इग्निशन कॉइल, इंजिन ऑइल किती जळतं, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं. या इंजिनाचा एक ओळखीचा दुखरा भाग म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग. तिथून कूलंट गळतं. डीएसजी गिअरबॉक्सचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. जुन्या गाडीत ते झालेलं नसेल तर आधी ते करायचं.

यासाठी ३० ते ६० हजार रुपये बाजूला ठेवावे लागतात. यातून ताकद १ पीएसनेही वाढत नाही, त्यामुळे बहुतेक लोक हीच पायरी गाळतात.

## पायऱ्यांचा हिशेब

पुढचे सगळे आकडे आरएस २३० साठी, ढोबळ आणि नियोजनापुरते आहेत. ब्रँड, डॉलर-युरोचा भाव, शहर आणि गॅरेजप्रमाणे ते वर-खाली होतात. बहुतेक पार्ट परदेशातून येतात आणि सीमाशुल्क, जीएसटी, विमानाचं भाडं धरून तिथल्या किमतीच्या दीडपटीच्या आसपास पडतात. 'स्टेज' ही व्याख्याही कुठल्या सरकारी संस्थेने ठरवलेली नाही. ती ट्यूनिंग कंपन्यांची भाषा आहे आणि प्रत्येकाची थोडी वेगळी आहे.

स्टेज १: फक्त सॉफ्टवेअर, २३० वरून साधारण २९५ पीएस

- ईसीयू रिमॅप: सुमारे ९० हजार
- गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं ट्यून: सुमारे ५० हजार
- नवे स्पार्क प्लग, तेल, फिल्टर, मजुरी: सुमारे २० हजार

एकूण १.६ लाख. ६५ पीएस वाढले, म्हणजे प्रत्येक पीएसला साधारण २,५०० रुपये. संपूर्ण प्रवासात यापेक्षा स्वस्त ताकद पुन्हा मिळत नाही.

गिअरबॉक्सचं ट्यून अनेक जण टाळतात, पण इथेच पहिली अडचण येते. या डीएसजीची कारखान्याने ठरवलेली क्षमता ३५० ते ४०० न्यूटन-मीटरच्या घरात आहे आणि स्टेज १ नंतर टॉर्क त्याच्या वर जातो. क्लचवरचा दाब वाढवला नाही तर ते घसरतात, आणि घसरणारे क्लच पॅक लवकर संपतात.

स्टेज २: श्वास मोकळा करणं, २९५ वरून साधारण ३१५ पीएस

- हवा आत घेणारी इनटेक सिस्टिम: सुमारे ४५ हजार
- टर्बोनंतरचा मोठा एक्झॉस्ट पाइप, म्हणजे डाउनपाइप: सुमारे ८० हजार
- मोठा इंटरकूलर: सुमारे ८० हजार
- नव्या पार्टनुसार ट्यूनमध्ये बदल: सुमारे २५ हजार
- मजुरी आणि इतर: सुमारे २० हजार

एकूण २.५ लाख, मिळालेले पीएस फक्त २०. प्रत्येक पीएसला १२,५०० रुपये. आकडे पाहून ही पायरी तोट्याची वाटेल, आणि फक्त आवाजासाठी केली तर ती आहेच. पण यातला इंटरकूलर खरं काम करतो. हवा दाबली की ती तापते. तापलेली हवा विरळ होते आणि इंजिनात नॉकिंगचा धोका वाढवते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश असताना लहान इंटरकूलर दोन-तीन जोरदार धावांतच तापून जातो आणि ईसीयू स्वतःहून ताकद कमी करतो. मोठ्या इंटरकूलरमुळे पहिल्या धावेत मिळालेली ताकद पाचव्या धावेतही मिळते. डायनोच्या कागदावर हा फरक दिसत नाही.

स्टेज ३: मोठा टर्बो, ३१५ वरून साधारण ३८५ पीएस

याच कुटुंबातल्या गोल्फ आर आणि ऑडी एस३ ला आयएस३८ नावाचा मोठा टर्बो होता. तो ऑक्टाव्हियाच्या इंजिनावर जवळपास तसाच बसतो, म्हणून जगभर हा बदल लोकप्रिय आहे.

- टर्बो: सुमारे २.२५ लाख
- जास्त क्षमतेचा इंधन पंप: सुमारे ७५ हजार
- नवं ट्यून: सुमारे ६० हजार
- गिअरबॉक्समध्ये मजबूत क्लच पॅक: सुमारे १.२५ लाख
- गॅस्केट, तेल-पाण्याच्या लाइन, मजुरी: सुमारे ६५ हजार

एकूण ५.५ लाख, ७० पीएस. प्रत्येक पीएसला साधारण ७,९०० रुपये.

स्टेज ४: इंजिन उघडणं, ३८५ वरून साधारण ४८५ पीएस

४५० पीएसच्या आसपास गेलं की प्रश्न आतल्या लोखंडाचा होतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड मुळात २३० पीएससाठी बनवलेले असतात. त्यांना मोडतो तो टॉर्क, विशेषतः कमी आरपीएमवर अचानक येणारा. म्हणून इथे फोर्ज्ड, म्हणजे घडाई केलेले पिस्टन आणि रॉड टाकावे लागतात.

- फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड: सुमारे २.५ लाख
- मशिनिंग, बेअरिंग, इंजिन उतरवून पुन्हा बांधणं: सुमारे २ लाख
- आणखी मोठं टर्बो किट: सुमारे ३.५ लाख
- जादा इंधन पुरवठा: सुमारे १.५ लाख
- गिअरबॉक्सची पूर्ण मजबुती: सुमारे ३ लाख
- ट्यूनिंग आणि डायनोचे तास: सुमारे ५० हजार

एकूण १३ लाख, १०० पीएस. प्रत्येक पीएसला १३ हजार.

चारही पायऱ्यांची बेरीज येते २२.६ लाख. २०१७ मध्ये याच्यात आणखी दोन लाख घातले असते तर अख्खी नवी आरएस २३० घरी आली असती.

यात एक फसवा भागही आहे. स्टेज ३ मध्ये घेतलेला सव्वादोन लाखांचा टर्बो स्टेज ४ ला निघतो. प्रत्येक वेळी ट्यून नव्याने, मजुरी नव्याने. ज्याला ३८५ पीएसवर थांबायचं आहे आणि ज्याला ४८५ गाठायचे आहेत, त्यांची खरेदीची यादी पहिल्या दिवसापासून वेगळी असायला हवी. पायरी-पायरीने चढणाऱ्याला काही पार्टचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

## ताकद वाढली, आता ती थांबवायची कशी?

ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये इंजिनाची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते. वळवायचं काम त्यांचंच, ओढायचं कामही त्यांचंच. ३०० पीएसनंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाकं जागेवर फिरू लागतात आणि स्टीअरिंग हातातून एका बाजूला खेचलं जातं. म्हणजे पैसे हॉर्सपॉवरचे दिले आणि मिळाला टायरचा धूर. त्यामुळे इंजिनाबाहेरची ही यादी टाळता येत नाही:

- चांगल्या प्रतीचे चार टायर: ५० ते ७० हजार
- पुढचे मोठे ब्रेक, पॅड आणि ब्रेक फ्लुइड: सुमारे २ लाख
- सस्पेन्शन: सुमारे १.७५ लाख
- दोन्ही चाकांत ताकद वाटून देणारा लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, मजुरीसह: सुमारे १.२५ लाख

हे साधारण साडेपाच लाख झाले. इंजिनाच्या हिशेबात धरल्यास एकूण आकडा २८ लाखांच्या पुढे जातो.

प्राधान्यक्रम मात्र उलटा असायला हवा. वेग वाढला की गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरपेक्षा १४० वर ती जवळपास दुप्पट असते, आणि ती सगळी ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. स्टेज १ च्या पैशात टायर आणि ब्रेकपॅड बदलून जुनंच इंजिन ठेवलेली गाडी घाटात जास्त भरवशाची असते.

## पेट्रोल: परदेशी ट्यून इथे का मार खातं?

टर्बोचा दाब वाढवला की इंधनाची परीक्षा सुरू होते. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने, ठरलेल्या वेळी जळायला हवं. दाब आणि उष्णता जास्त झाली की ते आपोआप, चुकीच्या क्षणी पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. हलकं असेल तर सेन्सर ते ओळखतो आणि ताकद कमी करतो. जोराचं असेल तर पिस्टनची कड तुटते.

नॉकिंग सहन करायची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. बीएस-६ निकष आले तेव्हा भारतात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ ठरवला होता. युरोपात ट्यूनर ९८ ऑक्टेनसाठी फाइल लिहितात. अमेरिकेत पंपावर ९३ लिहिलेलं असतं, पण तिथली मोजण्याची पद्धत वेगळी आहे. ते आपल्याकडच्या मापात ९७-९८ च्या आसपास जातं. हा फरक न समजता तिकडची फाइल इकडे टाकली तर इंजिन पहिल्या उन्हाळ्यातच तक्रार करतं.

आपल्याकडे इंडियन ऑइलचं एक्सपी९५ आणि एक्सपी१०० असे पर्याय आहेत. १०० ऑक्टेनचं पेट्रोल निवडक पंपांवरच मिळतं आणि साध्या पेट्रोलच्या साधारण दीडपट महाग पडतं. लिटरमागे ५५ रुपये जादा, वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि ९ चं ॲव्हरेज धरलं, तर फक्त पेट्रोलचा जादा खर्च वर्षाला सुमारे ७३ हजार रुपये होतो. दोन वर्षांत हा खर्च स्टेज १ च्या ट्यूनला जवळजवळ गाठतो.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात आणखी एक वळण आणलंय. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं, म्हणूनच अमेरिकेत ८५ टक्के इथेनॉलचं इंधन ट्यूनिंगवाल्यांचं आवडतं आहे. पण त्यात ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन लागतं. म्हणजे पंप आणि इंजेक्टरवरचा ताण वाढतो. जुन्या पेट्रोलवर लिहिलेली फाइल आजच्या पेट्रोलवर तपासून घेणं म्हणूनच गरजेचं असतं.

## १५ हजारांत ट्यून मिळतंय, मग ९० हजार का द्यायचे?

कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्वस्त ट्यूनमध्ये अनेकदा इंटरनेटवरून मिळालेली कुणाची तरी फाइल नकली यंत्राने गाडीत टाकली जाते. ती कुठल्या पेट्रोलसाठी, कुठल्या हवामानासाठी लिहिली होती, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

चांगला ट्यूनर गाडी आधी डायनोवर चढवतो, मूळ ताकद मोजतो, ट्यून टाकल्यावर रस्त्यावरचा डेटा गोळा करतो आणि नॉकिंग, हवा-इंधनाचं प्रमाण, तापमान बघून फाइल दुरुस्त करतो. पैसे या कामाचे असतात. मूळ फाइल जपून ठेवली आहे का आणि ती परत टाकून मिळेल का, हेही आधीच विचारायचं.

डायनोचा कागद वाचतानाही सावध राहायला हवं. काही यंत्रं चाकांवरची ताकद दाखवतात, काही इंजिनाची. गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये काही ताकद खर्च होते, त्यामुळे या दोन आकड्यांत १५ टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. शिवाय पीएस आणि बीएचपी एकच नाही. २३० पीएस म्हणजे सुमारे २२७ बीएचपी. ट्यूनआधीचा चाकांवरचा आकडा आणि ट्यूननंतरचा इंजिनाचा आकडा शेजारी ठेवले की कागदावर फुकटात ४० पीएस वाढतात.

## कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. नोंदणीच्या विहित नमुन्यात अश्वशक्तीचाही रकाना असतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. डाउनपाइप बसवताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर गाडी थेट याच कक्षेत येते.

"ईसीयूमधलं ट्यून पोलिसांना दिसतच नाही," हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. नाकाबंदीवर ते खरंही असेल. पण मोठा अपघात झाल्यावर गाडी नाकाबंदीवर नसते, ती तपासणीसाठी उभी असते. तिथे मोठा टर्बो आणि बदललेला एक्झॉस्ट लपत नाही.

आणि इथे सगळ्यात मोठा खर्च समोर येतो. विमा पॉलिसी कंपनीला दिलेल्या माहितीवर उभी असते. बदल कळवला नसेल तर स्वतःच्या गाडीचा दावा नाकारला जाऊ शकतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल होण्याची वेळ येऊ शकते, आणि ती रक्कम वरच्या सगळ्या याद्यांच्या बेरजेपेक्षा मोठी असू शकते.

वॉरंटीचंही तेच. ईसीयूमधला बदल डीलरच्या यंत्रणेत ओळखता येतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांच्या अमेरिकेतल्या मालकांमध्ये 'टीडी१' ही खूण यासाठी कुप्रसिद्ध आहे. ती लागली की इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी मागणं अवघड होतं.

## इतके पैसे घालण्यापेक्षा सरळ मोठी गाडी घेतली तर?

हा प्रश्न स्टेज ३ नंतर टाळता येत नाही. २०२२ च्या अखेरीस आलेल्या बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्हची ताकद ३७४ एचपी, टॉर्क ५०० न्यूटन-मीटर, चारही चाकांना ताकद आणि तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६९.२ लाख होती. स्टेज ३ च्या ऑक्टाव्हियाची ताकद साधारण तेवढीच आणि खर्च बराच कमी. पण बीएमडब्ल्यूमध्ये ३ लिटरचं ६ सिलिंडरचं इंजिन आहे, गिअरबॉक्स आणि ब्रेक त्याच ताकदीसाठी बनवलेत, कागदपत्रं स्वच्छ आहेत आणि वॉरंटी आहे.

२ लिटरमधून ४०० च्या वर ताकद कारखान्यातूनही निघते. २०१९ मध्ये आलेल्या मर्सिडीज-एएमजीच्या ए४५ एसचं २ लिटर इंजिन ४२१ एचपी देतं. पण ते इंजिन, त्याचं कूलिंग, पिस्टन आणि गिअरबॉक्स पहिल्या रेघेपासून त्या आकड्यासाठी आखलेले आहेत. २३० च्या इंजिनातून तेवढं काढायचं तर एकेक कमकुवत दुवा शोधत जावं लागतं, आणि पुढचा दुवा कुठला हे बहुतेकदा तो तुटल्यावर कळतं.

रीसेलमध्ये हे पैसे परत येत नाहीत. सामान्य खरेदीदार मॉडिफाइड गाडीला घाबरतो आणि कमी भाव देतो. म्हणून जाणकार मालक मूळ पार्ट जपून ठेवतात आणि विकताना गाडी पुन्हा मूळ रूपात आणतात. त्याचीही मजुरी लागतेच.

## मग लोक हे करतात कशासाठी?

छंद म्हणून. आणि छंदाचा हिशेब नेहमीच नफ्या-तोट्याच्या बाहेरचा असतो. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या 'द व्हॅली रन' या ड्रॅग स्पर्धेत, चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर अशा गाड्या नियमांत राहून पळतात. तिथे ४८५ पीएसला अर्थ आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, आणि ती गाठायला मूळ २३० पीएसची आरएससुद्धा सात सेकंदांच्या आसपासच घेते.

## ट्यूनरला पैसे देण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. ही फाइल किती ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आहे, आणि ते माझ्या गावात मिळतं का?

२. डायनोचे ट्यूनआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच यंत्रावरचे, एकाच पद्धतीचे मिळतील का?

३. गिअरबॉक्स हा टॉर्क किती काळ सोसेल, आणि क्लच गेले तर खर्च किती?

४. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीत राहणार आहे का?

५. मूळ फाइल आणि मूळ पार्ट परत मिळतील का?

६. विमा कंपनीला लेखी कळवल्यावर ती काय म्हणते?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर ट्यूनरकडे नसतं. ते तुम्हालाच विमा कंपनीकडून, आणि लेखीच, मिळवावं लागतं. शिवाय एकूण बजेट ठरवताना निदान २० टक्के रक्कम अनपेक्षित बिघाडासाठी बाजूला ठेवायची. ती वेगळी काढल्यावर स्टेज १ देखील परवडत नसेल, तर ही गाडी आहे त्या २३० पीएसमध्येच चालवणं सगळ्यात स्वस्त.